हौशीच्या बांगड्या

"ताई, स्पोक मिळतील का? सरळ, न गंजलेले. आठ-दहा हवेत."

मी ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. मान वर न करताच विचारलं, "पुढच्या चाकाचे की मागच्या?"

"चाक नाहीये. पाय आहे. मागचा, डावा."

आता मात्र मी मान वर केली. गुरांच्या सरकारी दवाखान्यात चार महिन्यांपूर्वी आलेले डॉक्टर बिराजदार समोर उभे होते. वय सव्वीस-सत्तावीस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना नजर अशी इकडेतिकडे, जणू स्पोक मागायला नाही, चोरायलाच आलेत.

"कुणाचा पाय?"

"सटवाजी कुंभारांच्या गाढवीचा. तलावाच्या दरडीवरून दगड सुटला, तो तिच्या पायाच्या नळीवर. प्लास्टर घातलं तर चावून काढते. म्हणून हाडातून आरपार तारा घालायच्या आणि बाहेरून त्या एकमेकींना पक्क्या करायच्या. म्हणजे आतलं हाड हलत नाही. त्याचं तयार सामान आपल्या दवाखान्याला कुणी देणार नाही. आमच्या सरांनी कॉलेजात एका कुत्र्याला सायकलचे स्पोक घालून दाखवले होते."

"कुत्र्याला?"

"हो, कुत्र्याला," ते म्हणाले आणि शर्टाची बाही चाचपत राहिले.

मी दहा स्पोक निवडून दिले. हसू आलं होतं, पण हसले नाही. लोक माझ्यावरही हसायचेच की. अप्पा गेले आणि माणनदीकाठच्या आमच्या गावातलं सायकलचं दुकान मी चालवायला घेतलं, तेव्हा बाई चाकाचा आऊट कशी काढते हे बघायला माणसं चहाचा कप हातात घेऊन समोर उभी राहायची. आऊट काढणं म्हणजे लचकत फिरणारं चाक स्पोक आवळून, सैल करून सरळ फिरतं करणं. काहींना बाईच्या हातून चाक सरळ करून घेण्यात कमीपणा वाटायचा. त्यांना मी म्हणायचे, खुशाल जा तालुक्याला, सात मैल ढकलत न्या. दोन महिन्यांत सगळे माझ्याच दारात आले.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. पण सटवाबाची हौशी मला अजून काल पाहिल्यासारखी आठवते. राखी रंगाची, एक कान फाटलेला, आणि स्वभावानं माझ्याइतकीच खाष्ट.

सटवाबाचे डोळे काचबिंदूनं गेले होते. गावाला वाटायचं, म्हाताऱ्याला अंधुक तरी दिसत असेल. कारण रोज सकाळी तो हौशीची शेपटी धरून तिच्यामागून तलावावर जायचा, चाचपून माती खणायचा, तिच्या पाठीवर लादायचा आणि तसाच परत यायचा. चाकावर बसला की त्याला डोळे लागतच नव्हते. पोरगा पुण्याला. तो दर सणाला येऊन म्हणायचा, "बाबा, बास झालं आता. चला माझ्याकडं." चौथ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा होती त्याची.

"पमे," हौशीचा पाय मोडला त्या दिवशी म्हातारा मला म्हणाला होता, "ही उभी राहिली तर मी हितं. नाही राहिली तर पुणं. चौथ्या माळ्यावर काय करू गं मी? माती कुठली आणणार तिथं?"

म्हणजे बघा, एका गाढवीच्या पायावर एका माणसाचं सगळं राहिलेलं आयुष्य उभं होतं.

डॉक्टरांनी हौशीला इंजेक्शन देऊन आडवी केली. माझ्याकडचं हातानं फिरवायचं ड्रिल उकळून घेतलं, नळीतून सहा स्पोक आरपार घातले आणि त्यांची बाहेरची टोकं पाण्याच्या टाकीची गळती बुजवायला वापरतात त्या लांबीच्या, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या लगद्याच्या, दोन जाड वळकट्यांत रोवून टाकली. लांबी वाळून दगडासारखी झाली. आठ दिवस हौशी तीन पायांवर उभी राहिली. नवव्या दिवशी तिनं चौथा पाय टेकला आणि सहाच्या सहा स्पोक वाकले.

नेमक्या त्याच दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला आलेले. कुंभाराच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. मी वाकलेले स्पोक बघायला गेले होते, तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले.

"बिराजदार, हे काय आहे?"

"सर, बाहेरून आधार देण्याचा प्रयोग..."

"गाढवावर? सरकार तुम्हाला पगार गाई-म्हशींसाठी देतं. हे जनावर संपलंय. हाल कशाला करता त्याचे? आज संध्याकाळपर्यंत इंजेक्शन देऊन मोकळं करा आणि मला कागद पाठवा."

"जनावर माझं हाय," सटवाबा म्हणाला.

"आजोबा, जनावराचे हाल केले तर गुन्हा होतो, ठाऊक आहे का? मालकावर होतो."

म्हातारा आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसून राहिला. साहेबांची जीप गेली. डॉक्टरांनी बॅग उघडली, बाटली काढली, सिरिंज काढली आणि ती भरायची सोडून नुसतीच हातात धरून बसले. डोळ्यांत पाणी. मला त्यांचा असा राग आला म्हणता.

"डॉक्टर, ती सुई ठेवा आत आणि इकडं या," मी म्हटलं. "स्पोक वाकले का ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"वजन जास्त. कुत्रा वीस किलोचा असतो, ही सव्वाशेची."

"माझ्या दुकानात येणारा दूधवाला नव्वद किलोचा आहे. वर चार कॅन असतात. त्याची सायकल कशावर उभी असते? ह्याच तारांवर. मग तिथं का वाकत नाहीत?"

त्यांनी सिरिंज बॅगेत ठेवली आणि जवळ आले.

"तुम्ही स्पोक खिळ्यासारखा ठोकलात. खिळा म्हणून स्पोक कवडीच्या मोलाचा, शेंबडं पोरही दोन बोटांनी वाकवील. स्पोक ताणायचा असतो. दोन्हीकडून आवळला की तो वाकायचं नाव घेत नाही. चाकाचा मधला तुंबा काही खालच्या स्पोकांवर टेकलेला नसतो डॉक्टर, सगळ्या बाजूंनी ताणून मधोमध टांगलेला असतो. हाडाचंही तसंच करा. भोवती कडं पाहिजे आणि कड्यात हाड टांगायला पाहिजे."

डॉक्टरांनी बोटानं हवेत एक गोल काढला. मग म्हणाले, "असं कडं असतं ताई. माणसांच्या दवाखान्यात. मी पुस्तकात चित्र पाहिलंय. पण ते आणायचं कुठून?"

"आणायचं कशाला? हात काय भाड्यानं दिलेत?"

दुकानामागं बोअरच्या लोखंडी केसिंग पाइपचा एक तुकडा किती वर्षं पडून होता. सहा इंची. हौशीच्या खुरावरून सहज सरकेल असा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी करवतीनं त्याच्या चार चकत्या कापल्या, कानशीनं कडा घासल्या, भोकं पाडली. स्पोक मापात तोडून पुन्हा आटे पाडले. स्पोकच्या टोकाला बारका पितळी नट असतो, त्याला आम्ही निपल म्हणतो. त्यावर किल्ली फिरवली की स्पोक ताणतो. चारही कडी एकमेकींना जोडायला लांब आट्याच्या सळया घेतल्या. सगळं सामान दवाखान्यातल्या मोठ्या पातेल्यात उकळलं. हौशीला पुन्हा इंजेक्शन देऊन आडवी केली आणि वाकलेले स्पोक काढले. दोन कडी मोडीच्या, म्हणजे हाड तुटलं त्या जागेच्या, वर, दोन खाली, प्रत्येकात दोन स्पोक आडवेतिडवे हाडातून आरपार. डॉक्टर भोक पाडत होते आणि मी किल्ली फिरवत होते. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच बाजू ओढायची नाही, चाकाला जसं करतो तस्संच. शेवटी बोटानं छेडून बघितलं. आठही तारा एका सुरात वाजल्या.

"काय वाजलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"स्पोक. आवाजावरून कळतं ताण बरोबर आहे का."

सटवाबानं हात पुढं केला, कडी चाचपली आणि पहिल्यांदा हसला. "बांगड्या भरल्या व्हय माझ्या हौशीला." मग एकेक तार नखानं वाजवून बघितली आणि खालच्या कड्यातल्या एकीवर थांबला. "ही जरा बसकी वाटती बघ."

मी किल्ली लावली. खरंच पाव आटा सैल होती. मला ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हौशीनं पाय टेकला. स्पोक वाकले नाहीत.

डॉक्टरांनी मोठ्या साहेबांना कागद पाठवला: "मालकाने संमती दिली नाही, उपचार चालू आहेत." ते पाकीट त्यांनी पोस्टाच्या पेटीच्या तोंडाशी दोनदा नेऊन मागं घेतलं. मी बरोबर गेले होते, नाहीतर त्यांनी ते परत खिशात घातलं असतं.

आता माझा शहाणपणा ऐका. रोज सकाळी मी ताण बघायला जायचे, आणि सवयीनं जाता जाता प्रत्येक निपलावर तेलाचा एकेक थेंब सोडायचे. अप्पांनीच शिकवलेलं, आट्याला तेल दिलं की गंज धरत नाही. तिसऱ्या आठवड्यात हौशीचा पाय सुजला. तारेच्या बुडातून पू यायला लागला. डॉक्टरांनी वाकून वास घेतला आणि ताडकन उठले.

"हे तेल कुणी घातलं?"

"मी."

"कुठलं?"

"दुकानातलं. मशीनचं."

"ताई, हे चाक नाहीये," ते ओरडले. त्यांना ओरडता येतं हे त्या दिवशी मला कळलं. "ते तारेवरून ओघळून मांसात जातं. पाय सडेल तिचा. काय केलंत हे?"

गावभर तोंड वाजवणारी मी, त्या दिवशी कुंभाराच्या अंगणात पदरानं तोंड पुसत उभी राहिले. खूप लाज वाटली. पुढचे सोळा दिवस सकाळ-संध्याकाळ मिठाचं उकळून गार केलेलं पाणी घेऊन मी जात होते, एकेक तार कापसानं धूत होते, आणि हौशी माझ्या दंडाला चावत होती. चावू दिलं. सूज उतरली तेव्हा सटवाबा म्हणाला, "फिटलं गं पमे तुझं, आता तरी हात मागं घे." अजून दंडावर खूण आहे.

एक्स-रेचं मशीन आमच्याकडं नव्हतंच. हाड कितपत जुळलंय हे कसं कळावं, या काळजीत डॉक्टर पडले. पण सटवाबाचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. तो रोज हौशीजवळ बसायचा, मोडीच्या वरच्या बाजूला हाडाला कान लावायचा आणि खालच्या बाजूला बोटाच्या पेरानं टकटक करायचा. मग चांगल्या पायाला तसंच करून बघायचा.

"काय ऐकता बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मडकं घेताना बायका काय ऐकत्यात? कच्चं हाय का भाजलेलं. पिचलेलं असंल तर आवाज पलीकडं जातच नाही, मधीच मरतो. हिचा अजून मधीच मरतोय."

डॉक्टरांनी तिथंच बसून स्वतः कान लावला. एकदा ह्या पायाला, एकदा त्या. मग वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवसापासून ते रोज म्हाताऱ्याला विचारायचे, "आज काय म्हणतंय?" आणि म्हातारा सांगायचा, "कच्चं." पाचव्या आठवड्यात म्हणाला, "धग लागलीय." सातव्यात म्हणाला, "निम्मं भाजलं."

आठव्या आठवड्यात जीप पुन्हा आली.

या वेळी साहेबांनी खुर्ची मागितली नाही. हौशी अंगणात चार पायांवर उभी राहून कडबा खात होती. साहेब तिच्याभोवती फिरले, कडी बघितली आणि विचारलं, "हे लोखंड कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"सायकलवाली."

"शाब्बास," साहेब डॉक्टरांकडे वळले. "माझा आदेश बाजूला ठेवून तुम्ही सायकलवालीकडून ऑपरेशन करून घेतलंत. ठीक आहे. आठ आठवडे झाले ना? मग काढा हे सगळं. आत्ता, माझ्यासमोर. उभी राहिली तर राहिली. नाही राहिली तर मी सांगितलेलं इंजेक्शन द्यायचं आणि विषय संपवायचा."

सटवाबा उठला, चाचपत हौशीजवळ गेला, कान लावला, टकटक केली. "अजून दहा-बारा दिस. मधी थोडं कच्चं हाय."

साहेब हसले. "गाढवाचं हाड वाजवून बघतात होय तुमच्या गावात? आजोबा, तुम्ही डॉक्टर आहात?"

"कुंभार हाय. भट्टी येळंच्या आधी उघडली तर काय होतं त्ये मला चांगलं ठावं हाय."

"बिराजदार, पक्कड घ्या."

डॉक्टरांनी बॅगेतून पक्कड काढली. मी पुढं होऊन हौशीच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. मनाशी ठरवलं होतं, हा माणूस आत्ता वाकला तर ह्याच पक्कडीनं... जाऊ द्या. काय ठरवलं होतं ते सांगण्यासारखं नाही. पण डॉक्टर पुढं आलेच नाहीत. त्यांनी ती पक्कड माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याकडं ठेवा ताई," ते म्हणाले. मग साहेबांकडं वळले. शब्द एकही गिळला नाही. "नाही काढणार सर. हाड पूर्ण जुळलेलं नाही. मी रोज ऐकतोय. बाबांचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. आज काढलं तर पाय मोडेल, आणि तो आपण मोडलेला असेल."

"बदलीची तयारी आहे?"

"आहे सर."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा हौशीकडं, आणि जीपमध्ये जाऊन बसले. मग डॉक्टर मटकन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "ताई, पाणी द्या जरा."

बदलीचा कागद सहाव्या दिवशी आला. पार दुसऱ्या टोकाला, जंगलातल्या तालुक्यात, लगेच रुजू व्हायचं. नव्या डॉक्टरांचा पत्ता नव्हता. निघायच्या सकाळी एस.टी. धरायच्या आधी डॉक्टर अंगणात आले. कुठला स्पोक आधी सैल करायचा, तार कुठं तोडायची, ओढताना कशी धुवायची, हे त्यांनी मला तीन-तीनदा दाखवलं. सटवाबाच्या पायाला हात लावला.

"बाबा, घाई करू नका."

"तू केली न्हाईस," म्हातारा म्हणाला, "मग मी कशाला करीन."

त्यानंतर पाच दिवस म्हातारा रोज कान लावायचा आणि मान हलवायचा. सहाव्या दिवशी सकाळी दुकानाचं कुलूप काढत होते, तोवर त्याची सून धावत आली. पुण्याहून सासऱ्याला न्यायलाच आलेली होती ती, दाराशी पिशव्या भरून बसलेली. म्हणाली, "मामंजींनी बोलावलंय. म्हणाले, पमीला सांग, भाजलं."

मी किल्ली घेतली, पक्कड घेतली, पाणी उकळलं. समोरासमोरचे स्पोक सैल केले, मग तोडून एकेक ओढून काढले. हौशीनं दोनदा लाथ झाडली. शेवटी चार कडी खुरावरून खाली सरकवली आणि मागं झाले.

हौशी उभी होती. तीन पायांवर. डावा मागचा तिनं वर धरलेला, खूर जेमतेम जमिनीला लागेल न लागेल असा. मिनिटं गेली. तिनं पाय काही टेकला नाही. सून माझ्याकडं बघत होती, मी हौशीकडं. डॉक्टरांची बदली, तेल, ते सोळा दिवस, सगळं डोळ्यांपुढं यायला लागलं.

सटवाबानं कुणाला काही विचारलं नाही. कोपऱ्यातलं फावडं घेतलं, खांद्यावर टाकलं, हौशीच्या मागं गेला आणि रोजच्यासारखी तिची शेपटी धरली.

"चल गं," तो म्हणाला, "माती संपलीया."

तिनं कान हलवले. पाय टेकला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. फाटक ओलांडून दोघं तलावाच्या वाटेला लागली. ती किंचित लंगडत होती आणि तिची शेपटी धरलेला म्हाताराही त्याच तालात लंगडत होता. सुनेनं दाराशी ठेवलेल्या पिशव्या उचलून आत नेल्या.

मी बूथवरून डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यात फोन लावला. "लंगडते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "थोडी." ते म्हणाले, "चालेल."

पंधरा दिवसांनी सटवाबानं मला बोलावून एक मडकं हातात दिलं. हौशीनं आणलेल्या मातीचं, नव्या भट्टीतलं पहिलं. "साहेबांना दिऊन ये," म्हणाला.

मी जिल्ह्याच्या गावी गेले. शिपाई अडवत होता, त्याला म्हटलं, बाजूला हो, सरकारी काम आहे. साहेब फाइल वाचत होते. मी मडकं त्यांच्या टेबलावर, फाइलीच्या बरोबर मधोमध ठेवलं.

"हे काय?"

"सटवाजी कुंभारांनी पाठवलंय. माती गाढवीनं आणलीय, चार पायांवर. आमच्या गावात मडकं न वाजवता घेत नाहीत साहेब. वाजवून घ्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. वाटलं, आता शिपायाला हाक मारणार. पण त्यांचा हात आपोआप पुढं आला आणि बोटाचं पेर मडक्यावर टेकलं. एकदा. मग पुन्हा एकदा, जरा जोरात. खणखणीत वाजलं. बाहेरच्या बाकावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

मी नमस्कार केला आणि बाहेर पडले.